अकरा वाजताचं कढण

बाजी ढेबे घाट चढून केळदच्या वरच्या धनगरवाड्यात पोचला, तेव्हा त्याच्या घड्याळात सकाळचे पावणेआठ झाले होते आणि त्याचा बाप सावळा गोठ्यात एका पायावर उभा राहून म्हशीची धार काढत होता. दुसरा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्यांत आवळलेला होता. तो त्याने मागच्या मागे खांबाला टेकवला होता. कमरेत वाकून, कपाळ म्हशीच्या कुशीला लावून तो एका हाताने पिळत होता आणि दुसऱ्या हाताने काठी धरून होता. बाजीने खांद्यावरचं गाठोडं तसंच खाली टाकलं.

पाय मोडून बारा दिवस झाले होते. वाळल्या गवतावरून घसरून नडगीचं हाड गेलं होतं. वेल्ह्याहून गेनबा हाडवैद्याला आणलं, त्याने हाड बसवलं, लेप लावला, कामट्या बांधल्या आणि बेचाळीस दिवस पाय भुईला लावायचा नाही असं बजावलं. सावळा तिसऱ्याच दिवशी उठला. त्यानंतर तो रोज दोनदा उठत होता, सकाळच्या धारेला आणि संध्याकाळच्या. आठव्या दिवशी गेनबा बघायला आला, त्याने बोटांनी चाचपून पाहिलं आणि सगळ्या वाड्यासमोर सांगितलं, की हाड अजून जागेवर आहे, पण एकदा का सरकलं तर वाकडं जुळेल, आणि वाकड्या पायाने डोंगर होणार नाही.

हे सगळं चुलतभाऊ ज्ञानूने बाजीला सांगितलं. सावळ्याच्या अकरा म्हशी सध्या ज्ञानूच चरायला नेत होता, पण त्याच्या स्वतःच्या नऊ होत्या आणि वीस जनावरं एकट्याने कड्याच्या बाजूला सांभाळणं किती दिवस जमणार, हे त्याने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. सावळ्याला बाजी सोडून दुसरं मूल नव्हतं.

बाजीने मनात हिशोब मांडला. आज फेब्रुवारीची पाच तारीख. बेचाळीस दिवस सात मार्चला पुरे होत होते. जहाज डागडुजीसाठी गोदीत होतं आणि बारा मार्चला त्याला हजर व्हायचं होतं. नाही झाला तर जागा दुसऱ्याची. घाट उतरून महाड, तिथून लाँच, मग मुंबई, म्हणजे दहाला निघायलाच हवं. तीन दिवस हातात राहत होते. पाय सरळ जुळला तर तो समुद्रावर, नाही तर इथे, म्हशींमागे, जन्मभर. बापाची काळजी त्याला होतीच. पण त्या काळजीत स्वतःची सुटका किती मिसळली आहे हे त्याला नीट दिसत होतं, आणि म्हणून तो आईच्या, सोजराबाईच्या, नजरेला नजर देत नव्हता.

सुदैवाने माणसाला आडवं पाडणं हाच त्याचा धंदा होता. तूप घेऊन महाडला उतरला होता तो एकोणिसाव्या वर्षी. तिथून मुंबई, मग गोदी, मग जहाज. आता पाच वर्षं तो वरच्या डेकवर आरामखुर्च्या मांडत होता. साहेब लोकांची सहलीची बोट. मुंबईहून निघायची, कोलंबोला वळसा घालायची आणि पंधरा दिवसांनी मुंबईलाच परत यायची.

हे त्याने बापाला सांगितलं तेव्हा सावळ्याने विचारलं,

"म्हंजे कुटं जायाचं न्हवतं त्यास्नी?"

"न्हाई आबा. खायाचं, प्यायाचं आन् पडून ऱ्हायाचं."

"आमच्या म्हशी बी त्येच करत्यात. सकाळी सोडायच्या, सांजच्याला त्याच गोठ्यात. पर त्या दूद तरी देत्यात."

बाजी हसला नाही. तो मिंगेलला आठवत होता. मिंगेल हा गोव्याचा म्हातारा बटलर, त्याचा डेकवरचा गुरू. मिंगेल म्हणायचा, माणूस खुर्चीतून उठतो तो दमला नाही म्हणून नव्हे, तर पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसतं म्हणून. तासाभराने काहीतरी आपल्याकडे चालत येणार आहे असं कळलं की तो हलत नाही. अकराला गरम सूप, दुपारी बर्फातलं लिंबू सरबत, चारला चहा आणि केक, सूर्य बुडताना ज्याचा त्याचा पेला. आणि कधी विचारायचं नाही. विचारलं की माणूस विचार करतो आणि विचार करणारा माणूस उठतो. सरळ हातात द्यायचं.

बाजीने अंगणातल्या हिरड्याखाली बाज टाकली. डोक्याकडचे दोन पाय दगडांवर चढवले, चार वेळा दगड बदलून उतार जमवला, कारण डेकवरच्या खुर्चीचा तो ठरावीक उतार त्याच्या हाताला माहीत होता: माणसाला समोरचं दिसावं पण सहज उठता येऊ नये. सावळ्याला त्याने उचलूनच त्यावर ठेवलं. मग बापाचीच काळी घोंगडी पायांवरून घेऊन कडा खाली अशा घट्ट खोचल्या की नुसता गुडघा वर करायचा तरी दोन्ही हात लावावे लागावेत. अकराच्या ठोक्याला कुळथाचं कढण, वर लसणीची फोडणी, जस्ताच्या मगात. दोनला ताक. चारला गुळाचा चहा आणि गाठोड्यातून आणलेल्या डब्यातली दोन जहाजी बिस्किटं.

"आन् दारूची येळ कंची?" सावळ्याने विचारलं.

बाजीने सूर्य बुडताना असं सांगताच सोजराबाईने चुलीपुढून असं काही पाहिलं की त्या वेळेला हळद घातलेलं दूध ठरलं.

पहिल्या दिवशी सावळा पावणेपाचपर्यंत पडून राहिला. नंतर गुरं परत आली, गोठ्यातून चांदीने हंबरडा फोडला आणि सावळ्याने दोन्ही हातांनी घोंगडी उपसली.

चांदी ही वाड्यातली सगळ्यात दुभती म्हैस. बाकीच्या म्हशी सोजराबाईच्या हाताला होत्या. चांदी मात्र सावळ्याशिवाय कुणालाच पान्हा सोडत नसे, आणि दूध तुंबलं की तिचे सड दगडासारखे व्हायचे. बाजीने बापाला खांदे धरून खाली दाबलं आणि स्वतः चरवी घेऊन गेला. तो बसायच्या आतच चरवी अंगणात आली आणि तिच्यामागून तो. ज्ञानूने विचारलं, बोटीवर म्हशी न्हाईत काय रं? दुसऱ्या दिवशी सकाळी बाजीने तिच्यापुढे पेंड ठेवली, पाठ खाजवली, बापासारखी साद घातली. तिने पेंड खाल्ली आणि लाथ मारली. त्याच्या मांडीवर चार बोटं रुंद काळानिळा डाग उठला. तोवर सावळा बाजेवरून अर्धा खाली आला होता.

"तिला घोंगडीचा वास लागतो," सोजराबाई म्हणाली. "हातात न्हाई काय. घोंगडीत हाय."

बाजीला हे सुचायला हवं होतं. लहानपणी त्याने पाहिलेलं होतं, की आजोबा गेल्यावर सावळ्याने त्यांचीच घोंगडी वर्षभर पांघरून धार काढली होती. पण पाच वर्षांत तो घोंगडीकडे पांघरूण म्हणून बघायला शिकला होता, आणि ज्या घोंगडीने गोठा चालायचा तीच त्याने बापाच्या पायांवर खोचून ठेवली होती.

सावळा ती द्यायला तयार होईना. थंडीचं कारण सांगितलं. बाजीने जहाजावरची लोकरीची शाल काढली, ती जास्त उबदार होती. मग सावळा म्हणाला, ही पांढरी, हिच्यात म्या मेल्यावानी दिसतो. खरं कारण त्याने सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. घोंगडी गेली की चांदी गेली. त्याच्यावाचून अडणारं मग काहीच उरत नव्हतं.

चांदी पुन्हा हंबरली. या वेळी आवाज दुखल्यासारखा होता. सावळ्याने घोंगडी अंगावरून काढली, एकदा घडी घातली, ती मोडली आणि तशीच चुरगळलेली पुढे केली.

बाजीने ती डोक्यावरून घेतली. साद घातली नाही, कारण आवाजाने फसगत उघडी पडली असती. चांदीने नाक फुसफुसवलं, मान वळवली आणि तशीच ठेवली. त्याने बोटं लावली. पहिल्या तीन-चार ओढींना काहीच नाही, मग एकदम सड मऊ झाले. बाहेर आला तेव्हा सावळा डोळे मिटून पडला होता. चरवी किती भरली हे त्याने विचारलं नाही. त्या दिवसापासून तो उठला नाही.

पुढचे चार आठवडे ज्या शिस्तीने गेले, तशी शिस्त बाजीने बोटीवरही पाहिली नव्हती. सावळा हळूहळू उतारू झाला. आधी तो उन्हाची तिरीप मोजायचा. मग बाजीलाच विचारायला लागला, अकरा वाजलं का? कढण पातळ असलं तर जस्ताचा मग परत पाठवायचा. वाड्यातली म्हातारी माणसं अकराच्या सुमाराला येऊन बाजेभोवती उकिडवी बसत आणि सावळा त्यांना समुद्राच्या गोष्टी सांगे. बाजीने सांगितलेल्या कमी आणि स्वतःच्या जास्त. त्याच्या गालांवर मांस चढलं. बाजीचं मात्र उतरलं. सकाळी धार, मग कड्यापर्यंत ज्ञानूसोबत जनावरं, धावत परत अकराच्या आत, पुन्हा धावत वर. जेवताना तो उभ्यानेच भाकर खाई. दिवसातून कितीदा तरी तो पायाच्या बोटांचा रंग बघे, तळव्याला नख लावून कळतंय का विचारी, आणि उरलेले दिवस मोजी. घोंगडीला आता त्याच्या घामाचा वास येऊ लागला होता. चांदीला तो चालत होता, आणि हे त्याला आवडत नव्हतं.

सात मार्चला गेनबाने कामट्या सोडल्या. नडगी सरळ होती. पिंढरी सुकून मनगटाएवढी झाली होती, पण गेनबा म्हणाला ते चालल्याने भरेल. उद्यापासून काठी घेऊन चाला, चार दिवसांत डोंगर. सावळ्याने पाय भुईला लावला, सात पावलं टाकली, वळला, सात पावलं परत आला आणि बाजेवर पडून म्हणाला, "उद्या."

आठ तारखेला पायात कळ होती. कुठे, ते बाजीने विचारलं. सावळ्याचं बोट एकदा गुडघ्याखाली गेलं, एकदा घोट्यावर. नऊ तारखेला चक्कर होती. अकराला मात्र कढणाचा मग हातात हवा होता.

बाजी गोठ्यात शेण भरणाऱ्या आईपाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, पाय तर बरा आहे, मग आबा उठत का नाहीत?

सोजराबाईने पाटी खाली ठेवली. "येडा हायेस का रं? त्येला ठावं हाय, त्यो उठला की तू जाणार."

बाजीने पाटी उचलून उकिरड्यावर नेली. तो हिशोब करत बसला होता हाडाचा, आणि सगळा वेळ समोरचा माणूस दुसराच हिशोब करत होता. वर ते शिकवलं त्यानेच: पडून राहा, म्हणजे कुणीतरी तुझ्याकडे येत राहील.

बोटीवर शेवटच्या दिवशी मिंगेल एक गोष्ट करायचा. किनारा दिसायच्या आतच, पहाटे, सगळ्या खुर्च्या मिटवून रचून ठेवायचा, आणि अकराचं सूप नसायचं. कुणी मागितलं तर तो अदबीने मान झुकवायचा आणि आणायचा नाही. त्याशिवाय माणसं उतरत नाहीत, म्हणायचा. बाजीला ते नेहमी कठोर वाटलं होतं.

दहा तारखेला सकाळी त्याने चांदीची धार काढली, घोंगडी खुंटीला लावली आणि बाज उचलून आत, भिंतीशी उभी केली. सावळा ओटीवर बसून बघत होता. बाजीचं गाठोडं बांधलेलं होतं. खाली महाडची लाँच पाच वाजता सुटायची. त्याने साडेआठलाच निघायचं ठरवलं होतं. पण तो अकरा वाजेपर्यंत थांबला. ते वाजताना आपण तिथे नसावं हा पळपुटेपणा त्याला करायचा नव्हता.

अकरा वाजले. चूल थंड होती. सावळ्याने चुलीकडे पाहिलं, हिरड्याखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"आज न्हाई का?"

"न्हाई आबा."

"बरं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "बंदर आलं म्हन की."

"व्हय."

सावळ्याने काठी घेतली, खुंटीवरची घोंगडी ओढून खांद्यावर टाकली आणि बाजीच्या पुढे चालू लागला. बाजीने सांगून पाहिलं की गेनबाने अंगणापुरतं चालायला सांगितलंय. सावळा म्हणाला, गेनबा काय बोटीचा कप्तान हाय? ओढा ओलांडला, करवंदीची जाळी मागे पडली, घाटाचं तोंड आलं. चालताना तो बोटीबद्दलच विचारत राहिला, पुढची फेरी कधीची, साहेबांच्या बाया भर समुद्रात चेंडू खेळतात ते खरं का. कपाळावर घाम होता. पाय तो सरळ टाकत होता.

घाटाच्या तोंडाशी तो थांबला. "जा आता. खाली बघून उतर."

बाजी पाया पडला आणि उतरला. पाय कसा आहे हे वर ओरडून विचारावं असं त्याला चारदा वाटलं, पण खाली बघूनच उतरायचं होतं. म्हणून तो मोजत राहिला. आपल्याला घाटाच्या तोंडापर्यंत यायला पाऊण तास लागला. परतीला, दमलेल्या पायाने, आबांना दीड तास धरू. आता ते जाळीपाशी असतील. आता ओढ्यात, दगड वाळलेले आहेत. पायथ्याशी त्याने घड्याळ पाहिलं: आता अंगणात पोचले असतील, पोचले असतील तर. महाडपर्यंतचा शेवटचा पल्ला तो जवळजवळ पळाला. लाँच सुटली तेव्हा पाच वाजत आले होते. वर म्हणजे आता गुरं परत आली, चांदीने मान वळवली, नाक घोंगडीला लावलं. तिच्यात वास आता दोघांचा. तिथून पुढचं त्याला मोजता येईना.