नारिंगी दोऱ्याचे हातमोजे

मी एक जुनी चामडे शिवायची मशीन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला माणसांची किळस येते. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसली आली आहे किळस! तंबाखू मळलेल्या बोटांनी कुणी रोज तुमच्या तोंडाजवळ दोरा ओवला असता, तर तुम्हाला कळले असते.

माझा जन्म परदेशात झाला. तिथल्या लोकांनी माझा एकेक भाग पुसून, तेल देऊन जोडला. मग मी अंबरनाथच्या एका बुटांच्या कारखान्यात आले. साध्या शिलाई मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा लोखंडी पाय, जागच्या जागी उभा असतो. माझा पाय मात्र चालतो. सुई, वरचा पाय आणि खालचे दात असे तिघे मिळून चामडे पुढे नेतात, त्यामुळे कितीही जाड थर असले तरी ते एकमेकांवरून घसरत नाहीत. माझ्यावर बसणारा आनंदा पाहुण्यांना ओढून आणायचा आणि म्हणायचा, "बघा, कशी चालते! घाई नाय, गडबड नाय." ते ऐकून मला फार बरे वाटायचे. तोही तंबाखू खायचा, पण माझ्याजवळ येण्याआधी हात धुवायचा.

पुढे कारखाना बंद पडला. आनंदा गेला आणि कबुतरे आली. त्या पक्ष्यांविषयी मला एवढेच सांगायचे आहे, की माझ्या डोक्यावर, चाकावर, तेलाच्या भोकांत, जिथे म्हणून जागा मिळाली तिथे त्यांनी घाण केली. वर्षानुवर्षे ती घाण माझ्या अंगावर वाळत गेली आणि एकालाही ती पुसावीशी वाटली नाही.

शेवटी मला उल्हासनगरला कॅम्प दोन नावाच्या भागात आणले गेले. नाथा नावाच्या माणसाचे तिथे जुन्या मशीनींचे दुकान होते. त्याने मला धुतले असेल असे तुम्हाला वाटेल. छे! त्याने कबुतरांच्या घाणीवरूनच हिरवा चकचकीत रंग मारला. तो रंग तेलाच्या भोकांत गेला आणि तिथेच सुकला. बाहेरून मी नवरीसारखी दिसत होते आणि आतून मला गुदमरायला होत होते.

त्या दुकानात एक दिवस कैलास आणि नूतन हे नवराबायको आले. ते बदलापूरला मांजर्लीत राहत. कैलास जीन्सच्या कारखान्यात शिलाईचा मास्टर होता आणि त्याला आता स्वतःचे काम सुरू करायचे होते. नूतनचा धाकटा भाऊ सुजित अंबरनाथला एका कंपनीत वेल्डर होता. वेल्डिंग करताना उडणाऱ्या ठिणग्यांपासून वाचण्यासाठी चामड्याचे हातमोजे लागतात. कंपनीला ते जवळपासच्या कुणीतरी शिवून द्यायला हवे होते, आणि सुजितने आपल्या भावोजींचे नाव पुढे केले होते. पहिला जोड तो स्वतः वापरून बघणार होता. तो टिकला की बाकीच्या वेल्डरांसाठी माल जायचा.

कैलास चामड्याची मशीन घ्यायला आला आणि तपासायला खिशातून काय काढले, तर जीन्सचा तुकडा! त्याने तो घडी घालून घालून माझ्या पायाखाली सारला आणि पेडल दाबले.

"अहो, चामडं लावून नाही बघायचं?" नूतनने विचारले.

"जीन्सचे आठ थर घेते ही. चामडं काय, मक्खन!" कैलास म्हणाला.

नाथा काडीने दात कोरत उभा होता. तो म्हणाला, "मास्टर, हिला हळू चालणारी सर्वो मोटर लावा. चामड्याची सुई वेगळी येते, तिला टोकाला धार असते. आणि माल वेल्डिंगला जाणार, तर दोरा आगीचा घ्या."

"ए, एवढी वर्षं शिलाईची लाइन सांभाळतोय मी. आता तू मला दोरा शिकवणार?" कैलास हसला. "जुनी क्लच मोटर दे. फास्ट पळली पाहिजे."

नाथाने खांदे उडवले आणि क्लच मोटर दिली. या माणसाला सगळे ठाऊक होते, पण एकदा सांगून त्याचे काम संपले. कैलासच्या अडाणीपणाची मला चीड आली. नाथाची मात्र शिसारी आली.

मांजर्लीत नदीचे पाणी घरात शिरते, म्हणून तळमजल्याच्या खोलीत मला विटांच्या चौथऱ्यावर बसवले. मग पूजा झाली. हळदीकुंकू माझ्या दोऱ्याच्या चकत्यांत गेले, आणि झेंडूची फुले बॉबिनच्या कप्प्यात पडून तिथेच कुजली. पूजेला माझी ना नाही, पण नंतर कुणी फडके तरी फिरवावे की नाही? तेही नाही.

कामाला सुरुवात झाली आणि माझे हाल सुरू झाले. कैलासने मला जीन्सची सुई लावली. ती कापडाच्या धाग्यांमधून वाट काढते, पण चामड्यात धागेच नसतात. तिथे धारेने कापून जावे लागते. ही बोथट बया चामड्याला नुसती ढुसण्या देत होती. क्लच मोटरवर जरा पाय टेकला की मी सुसाट सुटायचे, सुई तापायची आणि टाके सुटायचे. माझ्या चालत्या पायाची फरफट होत होती. कैलास माझ्या डोक्यावर थापा मारायचा आणि शिव्या द्यायचा. त्याच्या तळहाताचा घाम माझ्या रंगावर राहायचा. मला उलटी करता आली असती तर मी केली असती.

सगळ्यांत वाईट होता तो दोरा. जीन्सवर असतो ना, तो नारिंगी, पॉलिस्टरचा. कारखान्यातून उरलेली त्याची रिळे कैलासने पोते भरून आणली होती. पॉलिस्टरला उष्णता लागली की ते वितळते. कैलासने कपड्यावरच्या इस्त्रीपलीकडे उष्णता कधी पाहिलीच नव्हती.

"फिनिशिंग बघ फक्त!" पहिला जोड नूतनसमोर नाचवत तो म्हणाला. करड्या चामड्यावर नारिंगी रेघा खरोखर उठून दिसत होत्या.

नूतनने तो हातात घेतला आणि बराच वेळ उलटून पालटून पाहिला. "दिसतोय छान. पण तो नाथा आगीच्या दोऱ्याचं काहीतरी म्हणत होता. सुजितच्या हातात जाणारे हे."

"टेन्शन नको घेऊ गं. जीन्स फाटते, पण ही शिलाई नाही उसवत."

जीन्स घालून कोणी आगीत हात घालत नाही, हे मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण मला तोंड नाही. मी तशीच उभी राहिले आणि कैलास पुढचा जोड शिवायला बसला. सुजितला दिलेला पहिला जोड कसा निघाला हे कळायच्या आत बाकीचा सगळा माल शिवून, पिशव्यांत भरून तयार झाला.

सुजित आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होते. वेल्डिंग करताना उडालेला तापलेल्या लोखंडाचा गोळा हातमोज्याच्या अंगठ्याजवळ शिलाईवर पडला होता. दोरा वितळला, शिवण उघडली आणि गोळा आत गेला. हातमोजा घट्ट होता. तो ओढून काढेपर्यंत गोळा आत तसाच जळत राहिला.

"भावोजी, एखादा पीस खराब निघाला असेल," सुजित म्हणाला. बिचारा जखमी हात घेऊन मेव्हण्याची लाज राखत होता.

कैलासने लगेच ते उचलून धरले. "तेच ना! एक पीस. बाकीचा लॉट ओके आहे. उद्या पाठवून देऊ, नाहीतर कंपनी दुसऱ्याला काम देईल."

मित्रांनो, कबुतरांची घाण मी सहन केली. नाथाचा रंग सहन केला. पण ते वाक्य ऐकून मला जी घृणा वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नूतनने आतून गॅसची शेगडी आणली आणि पेटवली. मग एक पिशवी फाडून त्यातला हातमोजा कैलासपुढे धरला.

"अहो, घाला हा हातात."

"वेडी झालीस काय?"

"लॉट ओके आहे ना? मग घाला. आणि अंगठा इथे धरा."

कैलासने हातमोजा घातला. अंगठा ज्योतीजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. तेवढ्यातही नारिंगी दोरा काळा पडून गोळा झाला होता आणि शिवणीने तोंड उघडले होते. तो त्या फटीकडे पाहत खाली बसला. "आयला, सुजित..." एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याने मोटर बदलली, सुई बदलली आणि आग सोसणारा पिवळा दोरा आणला. नूतनने टोचणीने माझ्या तेलाच्या भोकांतला रंग कोरून काढला. मला कितीतरी वर्षांनी मोकळा श्वास मिळाला. पण कैलास अजूनही जीन्सवालाच होता. त्याला वाटले, जुने टाके उसवायचे आणि त्याच चामड्यावर नवी शिलाई मारायची. कापडात ते चालते, कारण सुई गेली की कापड पुन्हा मिटते. चामड्याला पडलेले भोक कायमचे असते. त्याने ओळीने सगळे हातमोजे उसवले, आणि मी शिवायला लागताच ते जुन्या भोकांवरून टपालाच्या तिकिटांसारखे टराटरा फाटत गेले. सगळा माल फेकावा लागला. तो कचऱ्याच्या गोणीत भरताना कैलास रडत होता, आणि खरे सांगते, मला त्याची अजिबात दया आली नाही.

मग नवे चामडे आले. मी सावकाश, एकेक पाऊल टाकत शिवले. प्रत्येक जोडीतला एक हातमोजा नूतन स्वतःच्या हातात घालून ज्योतीवर धरायची आणि मगच जोड बाजूला ठेवायची. त्यातला पहिला तिने सुजितला दिला. त्याचे बँडेज निघाले होते. त्याने डावा हात घातला, मग उजवा घातला, आणि बराच वेळ आत बोटे हलवत राहिला.

"ताई, हा उजवा अंगठ्याजवळ थोडा सैल शिवशील का?" तो म्हणाला. "अंगठा आता वाकत नाही ना."

नूतनने मान हलवली. कैलास उठून बाहेर गेला.

मित्रांनो, आता उजव्या हातमोज्यांतला एक मी नेहमी अंगठ्याजवळ सैल शिवते. तुम्ही मोठे होऊन काहीतरी बनवाल. तेव्हा ते दिसते कसे हे बघण्याआधी, ते कुणाच्या अंगावर जाणार आहे हे विचारा. आणि ठाऊक असलेले एकदाच सांगून खांदे उडवू नका, समोरच्याने ऐकेपर्यंत सांगा. तुम्हाला तोंड आहे.