पडावातली जागा

मंदानं परकराची नाडी पिशवीच्या बंदातून ओवली, दुसरं टोक पायाच्या घोट्याला बांधलं आणि पडवीतल्या चटईवर ती सरळ आडवी झाली.

"हं. आता घोरायला मोकळी," डोळे मिटून ती म्हणाली. "ओढा बघू कोणीतरी पिशवी."

शेजारच्या मनुबाईनं पिशवीला हात लावायचा अवकाश, मंदाचा दुसरा पाय असा काही उडाला की म्हातारी "अगो बाय!" करून भिंतीशी सरकली. पडवीभर हसू उसळलं.

"अशीच गेले बसऱ्यापर्यंत. जहाजाच्या डेकवर. वर आभाळ, खाली मी, मध्ये कोणी नाही."

"मध्ये कोणी न्हाय, तिथंच चुकलं तुझं," मनुबाई पदर सावरत म्हणाली. "कोणी असता तर एव्हाना कडेवर पोर असतं."

"म्हणून तर पाय तयार ठेवते, मनुबाई!"

नलूही हसली, पण तिचा एक डोळा अंगणात होता. वाळत घातलेल्या सुपाऱ्यांमधून तिची छबू एकेक सुपारी उचलून विहिरीकडे नेत होती. कठड्याला हात लागायच्या आत नलू धावत गेली, पोरीला उचलून परत आली आणि तिच्या छातीला कान लावून पाहिला. खोकला कालच्यापेक्षा सुटला होता. निदान तसं वाटत होतं.

मंदा आल्यापासून बोर्लीतल्या बायकांना दुसरं काही सुचत नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात नलूच्याच खोलीत राहणारी ही मुलगी एकटी मोंबासा पाहून आली, बगदाद पाहून आली, तिथून मोटारींत बसत बसत पार इस्तंबूलपर्यंत गेली आणि तेही जवळ जेमतेम पोटापुरतं ठेवून. लोक तिला काय काय विचारत. न्हायचीस कुठं? जेवायला मिळायचं का? साडी एकच, मग वाळायची कधी?

"आणि भीती गो?" एकीनं विचारलं. "एकटीला भीती न्हाय वाटत?"

मंदा उठून बसली. घोट्याची नाडी सोडता सोडता म्हणाली, "उलटंच असतं. एकटी बाई दारात उभी राहिली ना, की घरातल्या बायका आधी पुढे येतात. पाणी देतात, तोंडाकडे बघतात आणि नवऱ्याला सांगतात, राहू दे हिला आज. दोघी गेल्या की तेच लोक म्हणतात, या मजा मारायला निघाल्यात, यांना धर्मशाळा दाखवा. एकटीला कुठंही जागा होते. दोघींची होत नाही. स्वस्तात जग बघायचं तर एवढंच शिकायचं, बाकी सगळं आपोआप येतं."

नलूनं ते मनाशी नीट ठेवून दिलं. उपयोगी पडेल असं ती सगळंच ठेवून देई.

कारण या वेळी तीही निघणार होती. आल्या आल्याच मंदानं विषय काढला होता. धनुष्कोडीहून बोट मिळते, सिलोन पाहून पंधरा-वीस दिवसांत परत यायचं, खर्च नसल्यासारखाच. नलूनं आधी हसण्यावारी नेलं. मग छबूला सासूबाईंच्या कुशीत निजवून पाहिलं. एकदा पोर रडली, दुसऱ्यांदा रडली नाही. मग पलंगाखालची पिशवी काढून झटकली. सुपारीच्या व्यवहारासाठी मुंबईला निघालेल्या नवऱ्याला विचारलं, तर रामचंद्र बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता, "आईनं हो म्हटलं तर माझी काय हरकत?" आईचं काय, ते तेवढं राहिलं होतं.

स्वयंपाकघरात नलू चहा गाळत होती.

"मला नाही बाई विचारता येणार त्यांना."

"मी विचारते," मंदा म्हणाली. "माझा शब्द त्या मोडायच्या नाहीत."

"तुझी-त्यांची ओळख चार दिवसांची!"

मंदानं बशीतल्या चहावर फुंकर घातली, पुन्हा घातली. "म्हाताऱ्या बायका मला भुलतात," ती म्हणाली.

ते खरंच होतं. मंदा दारात आली तेव्हा सासूबाईंनी स्वतः तिच्या पायांवर पाणी घातलं होतं, भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. माहेरवाशिणीला करावं तसं. नलूला नवल वाटलं होतं, आणि बरंही. आपलं माणूस या घराला इतकं आवडावं!

कॉलेजातल्या त्या दिवसांत दोघी एकदमच जाणार होत्या. सराव व्हावा म्हणून एक अख्खा हिवाळा त्या खाटा सोडून जमिनीवर झोपल्या होत्या. कोरडी भाकरी खायला शिकल्या होत्या. पासपोर्टसाठी फोटो काढायला गेल्या, तेव्हा फोटोवाल्यानं हसायचं नाही असं बजावलं. मंदाला हसू आवरेना, तिच्या फोटोच्या काचा वाया गेल्या. नलूचा फोटो पहिल्या खेपेलाच सरळ आला, कोर्टात उभं केल्यासारखा. दोघींचे कागद घेऊन मंदाच मुंबईला गेली. परत आली ती सांगत की नलूचा फोटो कचेरीत कुठंतरी गहाळ झाला, नवा द्यावा लागेल. तो नवा निघायच्या आतच बोर्लीचं स्थळ चालून आलं. वडील म्हणाले, घरबसल्या आलंय, देवच पावला. लग्नाच्या आधीच मंदाची बोट सुटली होती. एका फोटोपायी राहिलं, असं नलू स्वतःला सांगे. रागावायचं तरी कोणावर!

उन्हं उतरल्यावर सासूबाई, नीराबाई, मधल्या घरात अडकित्ता घेऊन बसल्या. नलू छबूला मांडीवर थोपटत खांबाशी टेकली होती. मंदा फतकल मारून पुढे सरली आणि आडवळण न घेता तिनं सगळं सांगून टाकलं.

अडकित्ता थांबला.

"पोरीला खोकला आहे," नीराबाई म्हणाल्या.

"सुटलाय की, मावशी."

नीराबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुझं मन आहे?"

या घरात असं कोणी विचारल्याचं नलूला आठवत नव्हतं. "आहे," ती म्हणाली, आणि आवाज फार मोठा आलासा वाटून तिनं मान खाली घातली.

"मग जा. पोर मी बघते. मीही वाढवलीत पोरं." अडकित्ता पुन्हा चालू झाला. "दुसऱ्या कोणी विचारलं असतं ना, तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. पण मंदे, तुला कशी नाही म्हणू? तूच तर ही मला मिळवून दिलीस."

"मावशी, ते जाऊ दे आता," मंदा भरकन म्हणाली.

"का म्हणून जाऊ दे? शपथ घातलीस तशी तोंड शिवून बसले इतकी वर्षं. पोर झाली, संसार लागला, आता कसली लाज?" गुडघ्यावर हात देत नीराबाई उठल्या. आतली ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात नारळी काठाचं हिरवं पातळ होतं. घड्यांमधलं केवड्याचं पान वाळून तपकिरी झालं होतं.

"मध्यस्थाचा मान. लग्नात द्यायचा, तर ही बया समुद्रात. तेव्हापासून रुखरुख होती." आणि सुनेकडे वळून, घरातली गंमत सांगावी तशा त्या सांगू लागल्या, "अगो, तळे गावी हिच्या मावशीकडे मी हिलाच बघायला गेले होते, आपल्या रामचंद्रासाठी. ही पोहे घेऊन आली आणि मला परसात नेऊन म्हणते कशी, 'मी नांदणारी नव्हे, तुमच्या घराचा विचका होईल. पण माझी मैत्रीण आहे, सोन्यासारखी.' आणि लगेच पिशवीतून फोटो काढलान. पत्ताही दिलान. मी म्हटलं, ही हसत नाही काय गो कधी? तर म्हणते, फोटोवाल्यानं हसू नको सांगितलं होतं. म्हटलं, सांगितलेलं ऐकते ना? मग झालं तर!"

त्या स्वतःच खुदखुदल्या. पातळावर नारळ ठेवून त्यांनी ते मंदाच्या हातात दिलं, कपाळाला कुंकू लावलं.

मंदानं वर पाहिलं नाही.

"थोपट," मांडीवरून छबू म्हणाली. नलूचा हात पोरीच्या पाठीवर तसाच राहिला होता. ती पुन्हा थोपटू लागली.

दिवेलागणीला ती मागच्या दारी कंदिलाची काच पुसत बसली, तशी मंदा येऊन उभी राहिली.

"नले."

"काच फुटेल, उजेडात नको उभी राहूस."

मंदा बाजूला झाली. "तुझी आई नुकती गेली होती तेव्हा. रोज उशीत तोंड घालून रडायचीस. एडन यायच्या आधी परत फिरली असतीस तू."

"असेनही."

"आणि स्थळ काही वाईट नव्हतं. रामचंद्रराव चांगले आहेत की नाहीत? सांग ना. चांगले नाहीत?"

"चांगले आहेत," नलू म्हणाली. खरंच होते. सासूबाईही चांगल्या होत्या. म्हणून तर कुठं बोट ठेवावं ते तिला कळेना. तिनं काच उजेडाकडे धरून पाहिली. कुठंही डाग नव्हता, तरी ती पुन्हा पुसायला घेतली.

"मला विचारायचंस," पुसता पुसता ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू येते म्हणाली असतीस."

आत नीराबाई छबूला परवचा म्हणून दाखवत होत्या.

"उद्या निघायचंय ना आपल्याला?" मंदानं विचारलं. आवाज पडवीतल्यापेक्षा निराळा होता.

"सामान बांधलेलंच आहे," नलू म्हणाली.

सकाळी छबू गाढ झोपेत असताना नलूनं तिचा माथा हुंगला, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, पुन्हा सैल केलं. सासूबाईंना काढ्याचं सगळं दोनदा सांगून झालं. निघताना तिचं लक्ष मधल्या घरातल्या खुंटीकडे गेलं. मंदा पुढे अंगणात पोचली होती. खुंटीवरचं काढून नलूनं आपल्या पिशवीत वरच ठेवलं आणि ती निघाली.

श्रीवर्धनपर्यंत एस.टी.त मंदा बोलत होती. धनुष्कोडीला वाळूत गाडी कशी थांबते, सिलोनात भात कसा वाढतात. नलू खिडकीबाहेर बघत "हं" म्हणत होती. मागच्या कुठल्याशा बाकावर एक मूल खोकत होतं, आणि दर खोकल्याला तिची मान वळत होती.

बंदरावर मुंबईची बोट लांब खोल पाण्यात उभी होती. माणसांना तिथवर नेणारा पडाव किनाऱ्याला लागला होता. कान्हा कोळी घोटाभर पाण्यात उभा राहून तो धरून होता.

"चला गो बाय, शिट्टी झाली. दोगी ना?"

मंदानं साडीचा ओचा वर खोचला आणि सवयीनं चटकन चढली. फळीवर बसून तिनं मागे हात केला. "दे."

नलूनं आधी मंदाची पिशवी दिली. मंदानं ती पायाशी ठेवून पुन्हा हात पुढे केला. नलूनं आपल्या पिशवीतलं हिरवं पातळ काढलं आणि त्या हातात ठेवलं.

"खुंटीवर राहिलं होतं तुझं."

मंदा पातळाकडे बघत राहिली. मग नलूकडे, तिच्या कोरड्या पावलांकडे.

"नले, चेष्टा नको. बोट थांबायची नाही."

"म्हणून तर म्हणते, तू हो पुढे."

"अगं, पण सगळं ठरलंय आपलं."

"ठरलं होतं," नलू म्हणाली.

कान्हानं एकीकडून दुसरीकडे पाहिलं, आणि बायकांच्या बोलण्यात पडायला वेळ नाही हे ओळखून पडाव लोटला. लाटेनं तो उचलला, तशी मंदानं पातळ दोन्ही हातांनी वर धरलं. जगभर फिरताना कुठली वस्तू कुठं ठेवायची हे तिला नेमकं कळत असे. ते हिरवं पातळ मात्र पार बोटीपाशी पोचेपर्यंत तिच्या हातातच दिसत होतं.

बोट हलली. धूर तेवढा उरला. नलू पिशवी पायाशी ठेवून वाळूत उभीच होती. बोर्लीची परतीची गाडी वर रस्त्यावर भोंगा वाजवत होती. छबू एव्हाना उठली असेल, घरभर शोधत असेल.

रिकामा पडाव घेऊन कान्हा परतला.

"तुमी न्हाय गेलात?"

"पुढली बोट कधी रे?"

"परवा. याच येळेला."

"मला जागा धरून ठेव."

कान्हा डब्यानं पडावातलं पाणी उपसू लागला. "किती मानसं?"

नलूनं वर रस्त्याकडे पाहिलं. गाडी अजून उभी होती. तिनं पिशवी उचलली आणि दुसऱ्या हातात घेतली.

"एकटीच."

"मंग धरायची काय गो बाय?" डबा पाण्यात बुडवत कान्हा म्हणाला. "एकल्या बाईला जागा कुठंबी व्हते."