कान बाहेर आलेली घडी

"ऊठ तिथून. पंख्याखालची जागा माझी आहे," कडकबाई म्हणाली आणि इस्त्री उभी करून तिने बाहीने कपाळ पुसलं.

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखात्यात पंखा एकच होता. पाळी जाताना जिच्या अंगातून वाफा निघतात तिने त्याच्याखाली बसायचं, असा बायकांनी आपापसात ठरवलेला कायदा होता. दोन वर्षांपूर्वी ती जागा कडकबाईचीच होती. डॉक्टरांच्या कोटांच्या कॉलरी ती पुठ्ठ्यासारख्या ताठ करायची, म्हणून हे नाव. स्वभावानेही ते सार्थ केलं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची गोळी दिली. वाफा अशा गेल्या की नवरा म्हणाला, "गोळी तू घेतेस आणि आराम मला पडलाय."

कडकबाईने जागा सोडली, ती रेडिओला मिळाली. रेडिओ चादरींच्या घड्या घालायची आणि दिवसभर बोलायची, म्हणून तिचंही असं नाव. घडी कशीही घालो, एक कोपरा कानासारखा बाहेर यायचाच. कडकबाई तो हिसडून घडी मोडायची आणि पुन्हा घालायची.

"हिच्या घडीला कान का असतो, कोण जाणे."

"तू काय काय बोलतेस ते ऐकायला," रेडिओ म्हणायची.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बंद केली. त्यामुळे आज घाम फुटला तेव्हा कडकबाईला वाटलं, आल्या वाफा परत. आणि ती हक्क सांगायला आली.

"सकाळपासून चाललंय. जबडाही ठणकतोय, दाढ असेल. उठतेस ना?"

"नाही उठत. मला काय बर्फ लावलाय का अंगाला?" रेडिओने तिला बाजूला सारायला मनगट धरलं, आणि ती बोलायची थांबली. रेडिओ थांबली म्हणून अख्ख्या खात्याने माना वर केल्या.

"तुझा घाम गार आहे."

"असू दे."

"अगं, वाफेचा घाम गार नसतो. मी इतकी वर्षं भाजतेय, मला विचार. चल वर."

"त्या कोटांचं काय?"

"घालतील चुरगळलेले. मरत नाहीत त्याने."

धुतलेल्या चादरी वर नेण्याची ढकलगाडी दारातच होती. रेडिओने वरचा ढीग खाली लोटला आणि कडकबाईला उरलेल्यांवर बसवलं.

"यातून माणसं नेत नाहीत," कडकबाई क्षीण आवाजात म्हणाली.

"आज नेतात. पाय आत घे."

तातडीच्या विभागात रेडिओने असा काही आवाज लावला की गर्दी आपोआप दुभंगली. हृदयाला रक्त नेणारी एक वाट जवळजवळ बुजली होती. मनगटातून तार घालून ती मोकळी केली.

संध्याकाळी कडकबाईने डोळे उघडले तेव्हा नवरा स्टुलावर बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत तिच्या चपला. त्या त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवल्या होत्या.

तरुण डॉक्टर आला. त्याची कॉलर एका बाजूने दुमडलेली होती. ती नीट करायला तिचे हात शिवशिवले.

"रक्तातली चरबी वाढल्याचं तुम्हाला सांगितलं होतं ना? गोळी दिली होती."

"दिली होती. घेतली नाही." तिने नवऱ्याकडे न बघता सांगितलं, "नणंद म्हणाली, हार्मोनची गोळी हृदयही सांभाळते. म्हटलं, एक आहे तेवढी बास."

"नणंदबाईंचं अगदीच चूक नाही. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. मग बऱ्याच बायकांवर नीट अभ्यास झाले आणि तसं निघालं नाही. ती गोळी वाफांसाठी, झोपेसाठी. पाळी गेल्यावर चरबी वाढते, तिचं औषध वेगळं."

"मग आता वाफांचं?"

"हार्मोनची गोळी आता नको, रक्तात गाठ होण्याची भीती. दुसरे उपाय बघू. थोडं सोसावं लागेल." तो जाता जाता थांबला. "वेळेत आणलं तुम्हाला. कुणी?"

"रेडिओने," नवरा म्हणाला. डॉक्टर गोंधळून गेला.

कडकबाईने हात पसरला. अंगाखालच्या चादरीवर घडीची खूण होती, सरळ जाता जाता कोपऱ्यात तिरपी पळालेली. ही घडी मोडायची राहून गेली होती. तिने बोट त्या तिरप्या रेषेवरून हळूहळू फिरवलं आणि तिला हसू आलं. मग हसता हसता रडू आलं. नवऱ्याने चपलांची पिशवी खाली ठेवली आणि तिचा हात धरला. तिचा हात आता ऊबदार होता.

कामावर यायची परवानगी मिळाली तोवर वाफाही परत आल्या होत्या. तळघरात पाऊल टाकलं तर पंख्याखाली तिचं स्टूल मांडलेलं.

"कायमचं नाही हं," रेडिओ म्हणाली. "एक आठवडा तू, एक मी."

"त्या दिवशी तू..."

"त्या दिवशी तुझ्यामुळे धुतलेल्या चादरी जमिनीवर पडल्या. सगळ्या परत धुवाव्या लागल्या, माहितेय? मुकादमाची बोलणी कुणी खाल्ली?" आणि मग रेडिओ जी सुरू झाली ती नणंद, जावा, पाण्याचा नळ सगळं घेऊनच थांबली.

कडकबाईला पुढचं बोलता आलंच नाही. तिने कोट इस्त्री केले. मधेच अंगातून वाफ आली, तेव्हा ती पंख्याखाली शांत बसून राहिली. मानेवरचा घाम बोटाने टिपून पाहिला. कढत होता. बरं वाटलं.

वर जाणारी गाडी भरायची वेळ झाली. रेडिओने चादर पुढे केली, कान बाहेर आलेली. कडकबाईचा हात सवयीने कोपऱ्याकडे गेला. रेडिओ बोलता बोलता गप्प झाली.

कडकबाईने चादरीवरून तळवा फिरवला आणि घडी न मोडता ती गाडीत सगळ्यात वर ठेवली.