धुक्यातला पिवळा

मामी सलूनमध्ये शिरल्या त्या भांडायला आल्यासारख्या. पर्स काखेत घट्ट, हनुवटी वर. सख्खा भाचा एकही नव्हता, तरी अख्खी गल्ली त्यांना मामीच म्हणायची. त्यांच्या जिभेला वचकून माणसं आपणहून नात्यात येत.

सलून त्यांच्या धाकट्या सुनेचं. ते उघडलं तेव्हा, "आता लोकांच्या डोक्यातला कोंडा बघायचा का घरच्या पोरीने?" असं मामीच म्हणाल्या होत्या. त्यानंतर पायरी चढल्या त्या आजच.

"केस रंगवायचेत," त्या म्हणाल्या आणि कोणी बसा म्हणायच्या आत खुर्चीत बसल्या.

धाकटीने हातातला ड्रायर बंद केला. "काळे करू ना, आई?"

"काळे देवाने फुकट दिले होते, तेव्हा मिरवून झालं. असे कर." मामींनी बोट दाखवलं. भिंतीवरच्या फोटोत एक बाई हसत होती. तिचे केस वाळलेल्या गवतावर सकाळचं ऊन पडावं तसे फिकट सोनेरी होते.

शेजारच्या खुर्चीत एक शिक्षिका डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती. तिला राहवलं नाही. "मामी, या वयात?"

"वय माझं आहे, बाई. तुम्ही कशाला वाहताय?"

शिक्षिकेने मासिकात तोंड खुपसलं. धाकटी मात्र हसू दाबत म्हणाली, "बाबांना विचारलंत का?"

"आजवर कशाला विचारलं होतं? लग्नाला हो म्हणतानासुद्धा मीच आधी म्हटलं. ते अजून विचारच करत होते."

बोलल्या खऱ्या, पण आरशातल्या स्वतःकडे बघायचं त्यांनी टाळलं. कारण ही सगळी उठाठेव नवऱ्यासाठीच चालली होती, आणि ते कबूल करण्यापेक्षा मामींनी जीभ चावून तोडली असती.

त्यांच्या नवऱ्याने जन्मभर बस चालवली. इंजिनाशेजारी बसून कान अर्धे गेले होतेच, आता डोळेही चालले होते. डॉक्टरांनी हात टेकले. नवऱ्याने मात्र तक्रार केली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो म्हणायचा, "घाटातलं धुकं उतरलंय गं. गाडीवर असताना निदान तास दोन तासांनी वर जायचं." धुक्यात पांढरी गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही, पिवळा दिवा तेवढा लांबून दिसतो, हे त्याचं जुनं शास्त्र. घरातही तसंच झालं होतं. पिवळी बादली त्याला दिसायची. जमिनीवर सरकणारं ऊन दिसायचं. मामी दिसत नव्हत्या. पांढरे केस, फिकट तोंड, मागे चुना लावलेली भिंत. सगळं एकात एक विरघळून जायचं. त्या खोलीत आल्या की तो मान वळवून विचारायचा, "कोण आहे?"

ज्या बाईची चाहूल लागली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसत, तिला घरच्याच माणसाने कोण म्हणून विचारावं! मामींनी पिवळी शाल घेऊन पाहिली. तर म्हणाला, "खुर्चीवर शाल कोणी टाकली?" शालीच्या वर तोंड असतं, ते त्याला कसं कळणार? तेव्हा मामींनी ठरवलं, उजेड तोंडाभोवतीच हवा.

धाकटीने केसांच्या बटा वेगळ्या केल्या. जे थोडे काळे उरले होते त्यांना रंग उडवणाऱ्या निळसर पावडरीचा लेप लावून चांदीच्या कागदात गुंडाळलं. डोक्यावर पानं फुटल्यासारखी झाली. लेपाचा वास नाकात झिणझिणत होता. समोर आरसा, मागे आरसा, त्यात एकामागे एक किती तरी मामी बसलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावर चांदीचं झाड. लांबची शेवटची मामी तर धुरासारखी होती, आहे की नाही ते कळेना.

गरम हवेने डोळे मिटले. मामींना रस्ता दिसला. रस्ता म्हणजे पायाखालचा तेवढा तुकडा. बाकी सगळं दुधासारखं. त्या कडेला उभ्या होत्या, तरुण होत्या की आताच्या, ते कळत नव्हतं. लांबून बस आली, आवाज न करता, पाण्यावरून यावी तशी. काचेमागे नवरा, टोपी थोडी तिरकी, जशी तो घालायचा. मामींनी हात केला. हाक मारली, पण हाकेचीसुद्धा वाफ झाली आणि वर गेली. त्याने सरळ त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्यातून पलीकडे पाहिलं, आणि बस निघून गेली.

"आई, उठा. धुवायचंय."

मान मागे टाकून त्या बेसिनशी बसल्या. कोमट पाणी कानामागून ओघळलं. शिक्षिका तेवढ्यात निरोप घेऊन गेली, दार मिटलं. धाकटी वाटी घेऊन आली. वाटीत जांभळट राखेसारखं काही तरी कालवलेलं होतं.

मामींनी तिचं मनगट धरलं. "हे काय?"

"रंग. थोडा राखेकडे झुकणारा सोनेरी. पिवळेपणा मरतो त्याने. आमच्या धंद्यात पिवळं राहिलं तर हात कच्चा म्हणतात, आई."

"राख? अगं, राखच होती ना डोक्यावर! ती घालवायला आले मी. पिवळं राहू दे."

"पिवळेधमक दिसतील. लोक हसतील."

"माझ्या तोंडावर हसून दाखवावं कोणी."

"तोंडावर नाही हसणार. पाठीमागे मला नावं ठेवतील. सासूचं डोकंसुद्धा धड करता येत नाही म्हणतील." धाकटीचा आवाज बारीक झाला, पण वाटी तिने खाली ठेवली नाही. "तुम्ही पहिल्यांदा आलात, आई. मला चांगलं करू द्या ना."

आता खरा पेच होता. मामींना हळू बोलता येतं हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. त्या छताकडे बघत हळू बोलल्या.

"त्यांना मी दिसत नाही गं. पिवळं तेवढं दिसतं."

मग धाकटीने वाटी नेऊन बेसिनमध्ये पालथी केली. जांभळट पाणी गोल फिरून निघून गेलं. तिने दुसरी ट्यूब पिळली, दुसरा रंग कालवला, लोण्यावर ऊन पडल्यासारखा. मुळापासून टोकापर्यंत लावला, कपाळाशी आणि कानांशी जरा जास्तच.

धुऊन, वाळवून झाल्यावर मामींनी आरशात पाहिलं. "अगं बाई, ही कोण?"

"थांबा." धाकटीने चहाची वाफाळती किटली आरशाजवळ धरली. काच पांढरी झाली. खुर्ची गेली, भिंत गेली, मामींचं नाक, डोळे, तोंड, सगळं गेलं. नुसता एक पिवळा गोळा उरला, मधोमध, तरंगत.

"हलून बघा, आई."

मामी हलल्या. गोळा हलला. मामींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "किटली बाजूला घे, हात भाजेल." मग दारात थांबून, मागे न बघता, "हात कच्चा नाही हो तुझा."

रस्त्यात माणसं वळून बघत होती. मामींनी कोणाकडे उलटून बघितलं नाही. घरी पोचल्या तोवर दुपार कलली होती, खोलीत कोपऱ्यापर्यंत सावली आली होती. नवरा खिडकीशी बसला होता. मामी उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना तोंड उघडायची भीती वाटली.

त्याची मान वळली. "कोण" म्हणायला ओठ गोल झाले, आणि तसेच राहिले.

मामी एक पाऊल डावीकडे सरकल्या. त्याचा चेहरा डावीकडे सरकला. मामी उजवीकडे. चेहरा मागोमाग. त्या हळूहळू पुढे आल्या, तशी त्याची नजर वर वर येत गेली, आणि त्यांच्या तोंडावर येऊन थांबली.

त्याने हात पुढे केला, गाडीबाहेर काढावा तसा, आणि पंजा खाली-वर हलवला.

"दिवे जरा कमी कर की गं," तो म्हणाला, "समोरच्याचे डोळे दिपतात."

"नाही करणार," मामी म्हणाल्या, आणि त्याच्या अगदी समोर जाऊन बसल्या.