दुपारची पाच युनिटं

तुम्ही कधी आपल्या घराच्या विजेच्या मीटरपुढे पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाहिलंय का? आमचा मीटर जिन्याखाली, लाकडी फळीवर बसवलेला आहे. त्यात एक लाल ठिपका आहे. घरात नुसता फ्रिज चालू असला तर तो म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश डोळा मिटतो, सावकाश उघडतो. गिझर लावला की मात्र वेड लागल्यासारखा फडफडतो. पन्नाशी उलटेपर्यंत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नव्वद युनिटांच्या जागी बिलावर दोनशे वीस आली, तेव्हा ठाऊक करून घ्यावं लागलं.

घरात आम्ही दोघी बहिणी. थोरली आक्का आणि मी. आक्काचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरून उठते ती फक्त वॉकर धरून, तेही न्हाणीघरापर्यंत. गेल्या वर्षापासून तिचं स्मरणही मधूनमधून दगा देतं. मी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालते, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. समोरच्या घरातल्या काकू दुपारी आक्काकडे डोकावून जायच्या. तिचे केस विंचरायच्या, पाठ पुसायच्या. दोन महिन्यांपूर्वी त्या आपल्या मुलाकडे राहायला गेल्या, आणि तेव्हापासून दुपारी आक्काकडे बघणारं कोणीच उरलं नाही. मी डबा आणि पाणी तिच्या उशाशी ठेवून, बाहेरून कुलूप लावून जात असे. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

बिल पहिल्यांदा पाहिलं ते भाचीने, आक्काच्या मुलीने.

"मावशी, आई गिझर लावते आणि विसरते. आज गिझर आहे, उद्या इस्त्री विसरली तर? बाहेरून कुलूप असतं गं!"

"तिचा हात त्या बटणापर्यंत पोचत नाही."

"मग वीज काय भुतं खातात? मी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. रविवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर मी आईला नेते."

तिचं चुकत होतं असं नाही. पण आक्काने ते पलंगावरून ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. रात्री माझा पदर मुठीत धरूनच ती झोपली, लहानपणी मी तिचा धरायचे तसा.

सोमवारी वायरमन आला. त्याने घरातली सगळी बटणं बंद केली; मीटरचा ठिपका थांबला. "गळती नाही, चोरी नाही," तो म्हणाला. "बाई, वीज म्हणजे काही मांजर नाही, आपली आपण दूध पिऊन जायला. कोणीतरी वापरतंय." मी सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर आकडा टिपायला लागले. मी नसताना फ्रिजला लागतं त्यापेक्षा पाच युनिटं जास्त जात होती. आदल्या रविवारी, बिल पाहून, मी घरी असताना आकडा घेतला होता, त्या दिवशी जास्तीचं काहीच गेलं नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान आहे. त्यांना मी ठिपक्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. बुधवारी संध्याकाळी पाहिलं तर त्यांनी खडूने फळीवरच लिहून ठेवलं होतं: दोनला सुरू, साडेतीनला शांत.

"वर कोण गेलं होतं?" मी विचारलं.

"जिना माझ्या मशीनसमोरून चढावा लागतो, ताई. चिटपाखरू गेलं नाही."

मी वर गेले. तेव्हा कुठे मला ते दिसलं, जे खरं तर बरेच दिवस डोळ्यांसमोर होतं. आक्काची वेणी घट्ट आणि ताजी होती. टाचा मऊ होत्या. एवढे दिवस पडून असलेल्या बाईच्या पाठीवर एक लाल डाग नव्हता. मी कपाट उघडलं. आमच्या घरच्या चादरी मी कशाबशा दुमडून ठेवते, कारण दिवसभर हजार घड्या घातल्यावर घरी हात उचलत नाही. पण वरच्या तीन चादरी कडक इस्त्रीच्या होत्या, आणि त्यांची घडी इस्पितळाची होती: उघडी कड आत आणि एक कोपरा बाहेर दुमडलेला, म्हणजे घाईत असलेल्या नर्सला एका हाताने ओढता येते. ही घडी आमच्या विभागाबाहेर कोणी घालत नाही.

"आक्का, चादर कोणी बदलली?"

"कोणी म्हणजे? तूच नाही का? दुपारी येतेस, गरम पाण्याने अंग पुसतेस, गरम गरम चादर अंथरतेस." तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "धाकटे, विसरायला लागलीस की काय माझ्यासारखी?"

त्या रात्री मी माझेच हात पुष्कळ वेळ पाहत बसले. गुरुवारी कामावर, शेजारच्या टेबलावरच्या बाईला विचारलं. ती आठ तास अखंड बोलते, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात.

"दुपारी मी कुठे बाहेर जाते का गं?"

"तू? तू जागची हलतेस कुठे? पाण्याची बाटलीसुद्धा मला भरून आणायला लावतेस, महाराणी!" ती हसली, मग हातातली चादर तिने टेबलावर ठेवली. "पण खरं सांगू? दोन वाजले की तुझ्याशी बोलण्यात अर्थ नसतो. घड्या घालत असतेस, पण दहा हाका मारल्या तरी ओ देत नाहीस. साडेतीनला एकदम विचारतेस, 'काही म्हणालीस का?' मला वाटलं, बाई दमते."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. सव्वादोनला जिन्याशी पोचले. लाल ठिपका फडफडत होता. मी वर गेले, माझं कुलूप माझ्या किल्लीने उघडलं आणि दार ढकललं. ते आतून वरच्या कडीने लावलेलं होतं. त्या कडीला मलाही टाचा उंचावाव्या लागतात. आक्काला तर ती दिसतसुद्धा नाही.

फटीतून तापलेल्या सुती कापडाचा वास येत होता. आत आक्का हसत होती. दोन वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. म्हणून असेल, मी दार वाजवायला हात उचलला तो काही क्षण तसाच राहिला. मग वाजवलं.

हसणं थांबलं.

"कोण आहे?" आक्काचा आवाज.

"मी आहे, आक्का. धाकटी."

 मग ती परक्या माणसाशी बोलावं तशी, फार सभ्यपणे म्हणाली, "आमची धाकटी घरातच आहे. तुमचं काय काम आहे?"

आतून चपलांचा आवाज दारापर्यंत आला, डावा पाय किंचित ओढत. माझाही ओढतो. तो दारामागे थांबला. मी तळवा दारावर ठेवला. लाकूड त्या एकाच जागी कोमट लागलं. ढकलावं, ओरडावं, शिंप्याला हाक मारावी, हे सगळं मनात आलं. पण आरडाओरडा झाला तर रविवारी काय होईल, तेही मनात आलं. मी खाली आले आणि शेवटच्या पायरीवर बसून ठिपक्याकडे पाहत राहिले.

साडेतीनला तो पुन्हा सावकाश डोळे मिटू लागला. वर गेले तेव्हा कडी निघालेली होती. आत आक्काशिवाय कोणी नव्हतं. इस्त्री उभी करून ठेवलेली, अजून गरम. आक्का धुतलेल्या चादरीवर पडली होती, केस नुकते विंचरलेले.

"गेली का गं ती बाई?" तिने विचारलं.

"कोण बाई?"

"मघाशी दार वाजवत होती ती. किती घाबरलीस तू! वेणी अर्धी टाकून दारापाशी जाऊन उभी राहिलीस." तिने माझा पदर मुठीत धरला. "परत नाही ना येणार ती?"

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"नाही येणार," मी म्हटलं.

संध्याकाळी भाचीला फोन करून सांगितलं की गिझरच बिघडला होता, फुकट वीज खात होता. दुरुस्त करून घेतला, पण जुना आहे, यापुढेही बिल थोडं जास्तच येईल, ते माझं मी बघेन. जन्मात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. ती म्हणाली, "मावशी, माझ्या जिवाला घोर लागला होता," आणि रडली. रविवारचा विषय तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीशेजारी एक धुतलेली चादर आणि कंगवा ठेवला, वरच्या कडीला तेल घातलं, आणि सातच्या ठोक्याला कामावर हजर झाले.