भूगोलाच्या वर्गातला दहावा

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी दहावीचा भूगोल इंग्रजीतून शिकायला बसलो, तो काही हौसेनं नव्हे. मी होड्या बांधतो. होडीला इंग्रजी लागत नाही.

झालं असं की राजधानीतून, मालेहून चिठ्ठी आली, ज्या विषयाला दहा विद्यार्थी नाहीत तो विषय बंद. आमच्या बेटावर भूगोलाला नऊ होते. त्यात माझी मुलगी शम्मा, आणि तिला भूगोलच हवा होता. वर्ग बंद झाला असता तर तिला मालेला पाठवावं लागलं असतं, कुणाच्या तरी घरी. लहानपणी मीही मालेत परक्यांच्या घरी राहून तीन वर्षं शिकलो. त्यातली अडीच भांडी घासण्यात गेली. आपल्या पोरीनं परक्याच्या मोरीत बसू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

मुख्याध्यापिका नाझिमानं नियम दोनदा वाचला. "मूसाबे, वयाचं काही लिहिलेलं नाही हो यात."

"विसरले असतील."

"मग आपण कशाला आठवण करून द्यायची?"

दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा आणि शाळेचा टाय घालून मी मागच्या बाकावर बसलो. बाक मोडला. मधल्या सुट्टीत मी अवजारं आणून तो दुरुस्त केला, आणि हात लागलेच आहेत तर शेजारचे दोनही घट्ट केले. पोरं मला मूसाबेच म्हणत, म्हणजे मूसादादा, फक्त गृहपाठ विचारताना अरे-तुरेवर येत.

शिकवायला डोंगराळ वायनाडच्या बिंदू मिस होत्या. मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, त्यामुळे जे आलं ते सगळं भूगोलाचंच आलं. पठार, दरी, हिमनदी, सुपीक मैदान. नमस्कार, कसे आहात, हे पुस्तकात नव्हतं, म्हणून ते आजही येत नाही.

डोंगराचा धडा आठ दिवस चालला. आमच्या बेटावर सगळ्यात उंच जागा म्हणजे बंदराजवळचा वाळूचा ढीग, तोही गेल्या वर्षी टाकलेला. मिसनी फळ्यावर डोंगर काढला आणि वर चढणारा माणूस दाखवला.

"वर जाऊन काय करतात?" मी विचारलं.

"बघतात. मग उतरतात."

"खालीच थांबला असता तर?"

मिसनी डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं घर काढलं. त्यांना गावची आठवण आली असावी.

घरी सराव चाले. बायको झहिय्यानं एकदा विचारलं, कालवण कसं झालंय? मी इंग्रजीत म्हणालो, "हा प्रदेश अत्यंत सुपीक आहे." शम्मानं तिला अर्थ सांगितला.

"असं?" झहिय्या म्हणाली. "मग ताटं पण तूच घास, सुपीक माणसा."

मार्चमध्ये मालेहून फैरूझ नावाचे तपासनीस साहेब आले. त्यांनी डोकी मोजली. दहा. मग माझ्यापाशी थांबले.

"तुम्ही पालक का?"

"तोही आहे."

साहेब हसले नाहीत. "खरोखरचे विद्यार्थी असाल तर इंग्रजीत उत्तर द्या. नाहीतर हा वर्ग नऊचा धरावा लागेल. सांगा, खंड म्हणजे काय?"

व्याख्या मला पाठ होती. आदल्या दिवशी होडीचा नांगर ओढताना वीसदा म्हटली होती. पण उभा राहिलो आणि सगळी गेली. पुढच्या बाकावरून शम्मा वळली, तिचे ओठ हलले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, ओठ मिटले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला मालेतली मोरी दिसली, दगड आणि राखेसकट.

मग माझ्याकडे जे शब्द होते ते मी एकेक करून ठेवले.

"एक किनारा. तिथून मासा निघतो. ताजा. जमिनीवरून जातो. जातो. जातो. दुसरा किनारा येण्याअगोदर मासा खराब. ती जमीन, खंड."

साहेबांनी पेन थांबवलं. "मग आपला देश खंड आहे का?"

"नाही सर. इथे माशाला तेवढा वेळ मिळत नाही."

साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही. जाताना नाझिमाला एवढंच म्हणाले, "दहा आहेत." शम्मा बाकावर डोकं टेकून रडली आणि मी टाय सैल केला.

परीक्षेत मी नापास झालो, त्याबद्दल कुणी आश्चर्य व्यक्त केलं नाही. शम्मा मात्र अख्ख्या अटोलमध्ये, आसपासच्या सगळ्या बेटांत मिळून, पहिली आली. दोन महिन्यांनी तिला शिष्यवृत्तीचा कागद आला, पाच वर्षं, खडकांचा अभ्यास. गावाचं नाव नागपूर.

बिंदू मिसनी नकाशा उलगडला. मी खिशातून कर्कटक काढून मोजलं. या समुद्रापासून जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच त्या समुद्रापासून.

"याहून आत नव्हतं का काही?" मी विचारलं.

तिनं मालेला जाऊ नये म्हणून मी वर्षभर टाय लावला, आणि त्या टायनं तिला नागपूरला धाडलं. मला फार वाईट वाटलं, आणि ज्याच्यावर ओरडावं असा माझ्याखेरीज कुणी सापडेना.

"बप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार," शम्मा म्हणाली. "पण तिथे वसतिगृह आहे. परक्याचं घर नाही."

"भांडी?"

"फक्त माझी. एक ताट."

एक ताट ठीक आहे. मी सही केली, इंग्रजीत.

ती निघायच्या सकाळी झहिय्या पिशवी भरत होती. मी आत हिकिमस ठेवला, उन्हात लाकडासारखा कडक झालेला मासा, पाच किलो. झहिय्यानं पहाटे धक्क्यावरून आणलेला टूना केळीच्या पानात गुंडाळला होता.

"हाही आत राहू दे," ती म्हणाली. "तिला ताजाच आवडतो."

मी तो पिशवीतून बाहेर काढला.

"तिकडे खंड आहे, झहिय्या."