मुठीत शिरणारी सुई

शिंपीगल्लीत त्या दिवसांत माणसं कमी आणि साळिंदरं जास्त दिसायची. सुया टोचून रोग बरे करतो म्हणणाऱ्या सुईसम्राटांच्या दारातली रांग गल्लीला वळसा घालून पुन्हा रांगेतच शिरायची. काही जण अजून तिथेच फिरत असतील. कपाळात सुया, कानांत सुया, पोटऱ्यांत सुया. एक शिंपी गप्पांच्या भरात शेजाऱ्याच्या खांद्यातली सुई उपसून दोरा ओवायला तिचं भोक शोधत बसला होता. सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक गल्लीने कुलपात ठेवलं, कारण ते बाहेर काढलं की अख्खी रांग त्या बाजूला सरकायची. मी स्वतः पाहिलंय. निदान पाहिल्यासारखं आठवतंय.

"शरीरात ऊर्जेच्या नद्या वाहतात," सुईसम्राट सांगायचे. "नदी तुंबली की रोग. डाव्या करंगळीत टोचलं की यकृत हसतं."

"आणि नाही हसलं तर?" रांगेतलं कोणीतरी विचारायचं.

"उजव्या करंगळीत."

माझ्या मामाने रक्तदाबाच्या गोळ्या बंद करेपर्यंत ही सगळी करमणूक होती. मामा कटिंगमास्तर. सुया टोचून आला की म्हणायचा, "नदी मोकळी झाली." नदी मोकळी, पण चेहरा टोमॅटोसारखा आणि जिना चढताना धाप.

मावशीला ते बघवेना. ती मामाची थोरली बहीण. उमेदीत नाटकात खलनायिका, रोज शेवटच्या अंकात पोटात खंजीर घेऊन मरायची. ती गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन सुईसम्राटांकडे गेली.

"चाचणी घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठ-कंबर दुखणाऱ्यांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना खोट्या. कोणाला कोणती, ते शेवटपर्यंत तुम्हालाही सांगणार नाही."

"मला हाताला कळेल."

"कळलं तर तुम्ही जिंकलात."

सम्राट फुगले. मामा म्हणाला, "सुया हरल्या तर मुकाट्याने गोळी घेईन." तोवर घ्यायला तयार होईना, म्हणून बाई रोज त्याचा रक्तदाब मोजत राहिल्या.

आठवड्याने गल्ली जमली. बाईंनी निकाल वाचला. खऱ्या सुयांवाल्यांची कंबर जेवढी हलकी, तेवढीच खोट्यावाल्यांची. खोट्यावाल्यांतल्या एकाला तर टकलावर केस उगवल्याचा भास होत होता. सम्राटांच्या हाताला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

मावशीने एक खोटी सुई तळहातावर दाबली. टोक टोचलं आणि गुपचूप सुईच्याच मुठीत शिरलं. "नाटकातला खंजीर असाच असतो," ती म्हणाली. "मी वर्षानुवर्षं अशीच मेले. लोक रडायचे."

"ताई, माझी खरीच होती," मामा म्हणाला. "करंगळीतून वीज जायची."

"तुझी चिठ्ठी खोटीची."

"मग माझी पाठदुखी कशी थांबली?"

"दिवसभर वाकून कापड कापणारा माणूस घटकाभर निवांत पडला," बाई म्हणाल्या. "कोणी प्रेमाने विचारपूस केली. बरं वाटणार अशी मनाची खात्री होती. शिवाय दुखणं आपलं आपणही चढतं-उतरतं. मोठ्या चाचण्यांतही खऱ्या आणि खोट्या सुईत फरक पडला तर अगदी थोडा पडतो, अनेकदा पडतच नाही. तुमचा रक्तदाब मात्र जिथल्या तिथे आहे, आणि तो वाईट आहे."

"तुमच्या संशयाने नद्या उलट्या वाहिल्या," सम्राट म्हणाले.

"दोन्हीकडच्या सारख्याच?" मावशीने विचारलं.

सम्राट सुया पुसायला लागले.

मामाने पाणी मागितलं. गोळी हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली. "हिच्यात तरी काही आहे ना?"

"तिलाही खोट्या गोळीसमोर असंच उभं केलं होतं," बाई म्हणाल्या. "ती जिंकली."

मामाने गोळी गिळली.

तेव्हा मंडळी, बरं वाटलं तर जरूर आनंद माना, पण कशाने वाटलं तेही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू औषध सोडू नका.